कुशाबाने जुळवलेला रंग

कुशाबा घाडीला एखादी गोष्ट पसंत पडली, असं लालबागच्या त्या चाळीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेजारणीने हौसेने नवी साडी दाखवली की तो म्हणे, "दोन धुण्यांत उतरेल." लग्नात नवऱ्यामुलाच्या फेट्याकडे बघून म्हणे, "डाळिंबी सांगितला असणार. हा शिजलेला बीट आलाय." लोक तोंडावर हसत आणि मागे शिव्या घालत. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांना रंग कळतो ती, म्हणजे तो स्वतः, आणि बाकीची सगळी.

ह्या गुर्मीला कारण होतं. वीस वर्षं तो गिरणीच्या रंगखात्यात होता. ऑफिसातून नखाएवढी कापडाची चिंधी यायची आणि हजारो वार कापड त्याच रंगाचं उतरवायचं असायचं. डाइंग मास्तरकडे डिप्लोमा होता, जाड पुस्तक होतं, काचेची मोजपात्रं होती. कुशाबाकडे डोळे होते. तो कापडाची पट्टी रंगात बुडवायचा, वाफेच्या नळावर वाळवायचा, उत्तरेच्या खिडकीशी नेऊन चिंधीला खेटून धरायचा आणि एक डोळा बारीक करून म्हणायचा, "किंचित पिवळा मारतोय." मास्तर पुस्तक चाळत राही, तोवर कुशाबाची पुढची पट्टी तयार असे. चिंधी पट्टीवर ठेवल्यावर कुठली कुठे ते दिसेनासं झालं की तो म्हणे, "नमुन्याबरहुकूम." हा शब्द तो देवाचं नाव घ्यावं तसा उच्चारायचा.

मग ब्याऐंशीचा जानेवारी आला आणि संप झाला. "दोन महिन्यांत मालक पाय धरत येतील," असं सांगणाऱ्यांत कुशाबा सगळ्यात पुढे होता. दोन वर्षं झाली तरी मालकांना त्याचे पाय काही सापडले नाहीत. निम्मी चाळ कोकणात निघून गेली. संप मिटला असं कुणी सांगेना आणि चालू आहे असं म्हणायला कुणाच्या अंगात जोर उरला नव्हता. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले. पुन्हा संप करणार नाही अशी लेखी हमी देऊन माणसं खाली मान घालून गेटातून आत जाऊ लागली आणि कुशाबा गॅलरीत उभा राहून त्यांच्या नावाने मोठ्याने थुंकू लागला. घरात चूल कशी पेटते हे बघायचं काम त्याने बायकोवर, रमाबाईवर, सोपवून टाकलं होतं. ती खाणावळीच्या पोळ्या लाटून ते निभावत होती.

तिच्याच टोचणीने तो परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंग कालवायला जाऊ लागला. तिथे त्याला रेगे भेटले.

रेगे शिवाजी पार्कचे. सहा महिने परदेशात राहून कार्टून फिल्म काढायची विद्या शिकून आले होते आणि ते सहा महिने उरलेल्या आयुष्यभर सगळ्यांना पुरवून पुरवून ऐकवत होते. टीव्ही नुकता रंगीत झाला होता. रेग्यांनी दादरला गोखले रोडच्या एका गल्लीत जागा घेऊन मालिकेचं काम सुरू केलं होतं. त्यांना रंग जुळवणारा माणूस हवा होता. कारखान्यात कुशाबाने गणपतीच्या सोंडेला दिलेला रंग पोटाच्या रंगाशी तंतोतंत मिळालेला बघून त्यांनी त्याला तिथूनच उचललं.

काम कुशाबाला एका दुपारीत समजलं. प्रत्येक चित्र सेल्युलॉइडच्या, काचेसारख्या पारदर्शक पत्र्यावर काढायचं, मागच्या बाजूने रंग भरायचा, असे तीन-चार पत्रे एकावर एक ठेवून फोटो घ्यायचा. खालच्या पत्र्यावरचा रंग वरच्या पत्र्यांतून मळका दिसतो, म्हणून तो आधीच उजळ कालवावा लागतो. आर्ट स्कूलमधून आलेल्या पोरांनी त्यासाठी तक्ते केले होते. कुशाबाने ते तक्ते बाजूला सारले आणि डब्यात ब्रश बुडवला. पोरांनी नाक मुरडलं, पण आठवड्यात सगळे "कुशाबा, जरा बघता का" करत त्याच्या टेबलाशी रांग लावू लागले. तो बघायचा आणि प्रत्येकाचा पाणउतारा करून पाठवायचा. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

मालिकेचं नाव होतं 'विजयी कळ्या'. मुलींच्या शाळेचा टेबल टेनिसचा संघ, त्यात चार मुली, आणि कप्तान शीतल. शीतलचे डोळे बशीएवढे होते. तिची शाळा कुठल्याशा डोंगरावर होती, तिथे अभ्यास कुणी करत नसे आणि भूक लागली की मुली सँडविच खात. शीतलने मारलेला चेंडू हवेत असतानाच तिला आजारी आई आठवायची, मग लहानपण, मग गुरुजींचा उपदेश. "सोमवारी सुटलेला चेंडू बुधवारी पलीकडे पोचतो," कुशाबा घरी सांगायचा. "आणि तोवर समोरची बाई काय करते? उभी! तिला घरी कामं नाहीत?"

ह्यावर सगळ्यात जास्त हसायची ती त्याची मुलगी कमल. ती नववीत होती आणि आपल्या शाळेच्या टेबल टेनिसच्या संघात खेळायची. शाळेच्या हॉलमध्ये एकच टेबल होतं, मधोमध खचलेलं. त्या खळग्यात चेंडू पडला की कुठे उसळेल हे फक्त ह्या मुलींना माहीत. कमल डावखुरी होती. रंगाने सावळी, पुढचे दोन दात जरा जास्तच पुढे, लाल रिबिनींच्या दोन वेण्या, आणि सर्व्हिस करताना जीभ दातांत. कुशाबाने तिचा खेळ कधी बघितला नव्हता. पोरींनी चेंडू बडवण्यात बघण्यासारखं काय असतं, असं तो म्हणे. पण रेग्यांकडची पोरं एका विलायती पुस्तकातले फोटो बघून खेळणाऱ्या मुली काढताना दिसली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"ही बॅट धरलीय की केरसुणी?" तो म्हणाला. "खेळ माहीत नसेल तर माझ्या मुलीला आणतो. तिला बघून काढा."

रेग्यांनी ही कल्पना आपल्यालाच सुचल्यासारखी उचलून धरली. टेबल भाड्याने आलं. तीन संध्याकाळी कमल आणि तिची मैत्रीण मंजुळा तिथे खेळल्या आणि भोवती बसून पोरं भराभर चित्रं काढत राहिली. कुशाबा आपल्या कोपऱ्यात डबे ढवळत असल्याचं सोंग करत होता. मुलगी एवढी चपळ आहे हे त्याला तेव्हा कळलं. छाती फुगली, पण घरी येताना तो एवढंच म्हणाला, "पाय जरा जास्त आपटतेस."

"काका, माझं चित्र टीव्हीवर येणार?" कमलने शेवटच्या दिवशी रेग्यांना विचारलं होतं.

"येणार तर! न येऊन कसं चालेल?" रेगे म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सगळ्या चाळीला ते माहीत झालं होतं.

महिन्याभराने रंगवण्यासाठी नव्या पात्राचा कागद कुशाबाच्या टेबलावर आला. वर लिहिलं होतं: 'धोंडी. कामगार वस्तीतल्या शाळेची कप्तान. भांडखोर, लबाड. हरायला लागली की चेंडू चोरून परकरात लपवते.' खाली चित्र होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी, फावड्यासारखे दात, दातांत जीभ, डाव्या हातात बॅट. चेहरा कमलचा होता. आपल्या मुलीला ओळखायला बापाला रंग लागत नाही.

आणि खेळ? तो शीतलला दिला होता. तीन संध्याकाळी काढलेले कमलचे सगळे फटके, पत्रे उलटे करून डाव्याचे उजवे केलेले, त्या बशीडोळ्या पोरीच्या हाताला चिकटवले होते. कमलचं जे चांगलं ते डोंगरावर गेलं होतं आणि उरलेलं धोंडीच्या वाट्याला आलं होतं.

कुशाबा कागद घेऊन रेग्यांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, ही आमची कमल आहे."

रेगे हसले. "अहो कुशाबा, कार्टून आहे ते. तिच्यावरून थोडंसं घेतलंय, एवढंच. गोष्टीत कुणीतरी वाईट लागतंच ना?"

"चोर दाखवलीय."

"धोंडी चोर आहे. कमल कुठे चोर आहे? आणि कोण ओळखणार?"

दोन वर्षं अख्ख्या गिरणीला नाही म्हणणारा हा माणूस. हमीपत्रावर सही करणाऱ्यांच्या नावाने थुंकणारा. त्याने तिथे कागद फाडायचा होता, निदान आवाज तरी चढवायचा होता. तो गप्प उभा राहिला. घरात कुठे आता पुन्हा दोन वेळा नीट ताट वाढलं जात होतं, हे त्याच्या गप्प राहण्यामागे होतंच, आणि ते समजण्यासारखं आहे. पुढे त्याने जे केलं ते मात्र फक्त कुशाबाच करू जाणे. त्याने कागदाच्या कोपऱ्यातल्या एका टिपेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'कातडी: काळपट, मळकट.'

"हे मळकट काय आहे?" त्याने विचारलं, आणि आता त्याचा आवाज चढला. "मळकट नावाचा रंग नसतो साहेब. मळ असतो. ही माणसाची कातडी आहे, पायपुसणं नाही. मी असला रंग कालवणार नाही."

अर्धा तास तो त्या एका शब्दावर भांडला. सावळ्यात तांबूस किती असतो, उन्हात काय होतं, कोपराशी काय होतं, सगळं त्याने रेग्यांना सुनावलं. रेग्यांनी घड्याळाकडे बघितलं. "बरं बाबा, तुम्हाला हवा तो द्या. शीतलच्या शेजारी वेगळी दिसली म्हणजे झालं."

कुशाबा जिंकल्याच्या थाटात बाहेर आला. चेहरा, दात, चोरी, धोंडी हे नाव, सगळं जिथल्या तिथे राहिलं होतं. मळकट तेवढं गेलं होतं आणि ह्या शहाण्याला वाटलं की आपण मुलीची अब्रू राखली.

संध्याकाळी त्याने रंगाच्या बाटल्या घरी आणल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कमलला खिडकीशी बसवलं आणि हात पुढे करायला सांगितलं. पारदर्शक पत्र्याच्या पट्टीवर एकेक ठिपका द्यायचा, वाळवायचा आणि पट्टी तिच्या हातावर धरायची.

"माझाच रंग देणार?" कमलने विचारलं. "शीतलला?"

"हं," कुशाबा म्हणाला.

पहिला ठिपका विटकरी निघाला. चौथा हिरवट मारत होता. सातवा जवळ आला, पण हात हलला की वेगळा पडे. कमल हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. अकरावा ठिपका त्याने वाळवला, पट्टी तिच्या हातावर ठेवली आणि ठिपका नाहीसा झाला. पट्टीच्या कडा दिसत होत्या, मध्ये नुसता कमलचा हात.

"नमुन्याबरहुकूम," कुशाबा म्हणाला. वीस वर्षांत इतका बिनचूक रंग त्याला जुळला नव्हता. सातव्यातूनच सुधारत आलेला, म्हणून त्याने डब्यावर 'सात-ब' अशी चिठ्ठी लावली.

मालिका रविवारी सकाळी लागू लागली. चाळीत रंगीत टीव्ही एकच होता, दुसऱ्या मजल्यावरच्या जगनचा, त्याने मस्कतहून आणलेला. पहिल्या दोन भागांत चाळ नुसती उसळत होती. "ह्यो कमलचोच फटको!" म्हाताऱ्यासुद्धा ओरडत होत्या. कमल पुढे बसून आपलेच हात टीव्हीवर बघत होती. एकच गोष्ट तिला कळेना. शीतल दुधासारखी गोरी होती.

"बाबा, तुम्ही केलेला रंग कुठाय?"

"जगनचा टीव्ही तसा आहे," कुशाबा म्हणाला. "त्याच्यात सगळेच गोरे दिसतात."

तिसऱ्या रविवारी त्याला खाली जायचंच नव्हतं. पण कमलनेच हाताला धरून नेलं. टीव्ही लावला तेव्हा बातम्या सांगणारी बाई टोमॅटोसारखी लाल झाली होती.

"बाबा, तुम्हीच करा ना नीट," कमल म्हणाली. "म्हणजे माझा रंग दिसेल."

"होय वो कुशाबा," जगन म्हणाला. "तुमच्यासारखी नजर कोणाची हाय? फिरवा जरा बटण."

तो लाल तसाच सोडून द्यायचा, एवढंच करायचं होतं. त्या लालात धोंडी काय, शीतल काय, सगळ्याच टोमॅटो झाल्या असत्या. पण चुकीचा रंग डोळ्यांसमोर असला की कुशाबाचं डोकं चालत नसे, फक्त हात चालत. त्याने बटण थोडं डावीकडे फिरवलं, मग केसभर उजवीकडे. बातम्या सांगणारी बाई माणसात आली. तिच्या साडीचा अबोली रंग अबोली दिसू लागला. लोकांनी वाहवा केली. "जमला," कुशाबा म्हणाला, आणि मालिका सुरू झाली.

शीतल गोरीच होती. मग दार उघडून धोंडी आली.

नुसता चेहरा असता तर एखाद्याने शंका घेतली असती, दुसऱ्याने ती हसण्यावारी नेली असती. पण तिथे कमलचा हात होता. कमलची मान होती, उन्हाने रापलेल्या गालाचा नेमका तो रंग होता, आणि समोर जमिनीवर बसलेल्या कमलशी तो ताडून बघायला कुणाला उठावंही लागत नव्हतं. पोरांनी आधी गिल्ला केला. "अरे ही तर कमल! कमल आली!" पडद्यावर धोंडी हरायला लागली, तिने इकडेतिकडे बघितलं, दातांत जीभ धरली आणि चेंडू परकरात लपवला. पोरं हसून लोळायला लागली. मोठी माणसं मूग गिळून बसली. शेजारच्या काशीबाईंनी तेवढं "शी!" म्हटलं, पण ते कुणाला हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

कमल उठली नाही, रडली नाही. तिने संपूर्ण भाग पाहिला. शेवटी शीतलने तिच्याच फटक्याने तिला हरवलं, तेही पाहिलं. मग ती कुशाबाकडे वळली.

"हा खिडकीतला रंग ना?"

कुशाबाने मान हलवली.

"बरोब्बर जुळलाय," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

घरी रमाबाई पोळपाट पुढ्यात घेऊन बसली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. "जगाचो रंग कळता तुमका," ती म्हणाली, "आणि घरातला एक चेडू कळूक नाय." कुशाबा सांगू लागला की रेग्यांना मळकट हवा होता, आपण भांडून तो बदलून घेतला. सांगता सांगता त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं आणि तो थांबला. मळकट राहिला असता तर ते एक भलतंसलतं चित्र राहिलं असतं. त्या चित्राची कमल त्यानेच केली होती.

सोमवारी कुशाबाने रेग्यांच्या टेबलावर डबे आपटून नोकरी सोडली, असं चाळीत काही जण पुढे सांगत. तसलं काही झालं नाही. सोमवारी तो वेळेवर कामावर गेला. धोंडी आणखी चार भागांत होती आणि सात-बचा डबा तळाला लागला होता. त्याने नवा कालवला, आणि तोही तंतोतंत उतरला, कारण वाईट कालवायचा कसा हे त्याला येतच नव्हतं.

चाळीतली पोरं कमलला जिन्यात धोंडी म्हणू लागली. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, पण सराव संपल्यावर चेंडू मोजून डब्यात ठेवू लागल्या. आधी त्या मोजत नसत.

त्या शनिवारी माटुंग्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. वर्षभर कमल त्या निवडीचा ध्यास घेऊन बसली होती. जिल्ह्याकडून खेळलेल्या मुलीला पुढे रेल्वेत, बँकेत घेतात, असं बाईंनी सांगितलं होतं. ती जाईल की नाही ह्याची रमाबाईला खात्री नव्हती आणि विचारायची कुशाबाची छाती नव्हती. सकाळी ती उठली, वेण्या घातल्या, रिबिनी लाल न घेता काळ्या घेतल्या. मग आईचा पावडरचा डबा घेऊन आरशापुढे बसली. तोंडाला लावली, मानेला लावली, आणि मग दोन्ही हातांना कोपरापर्यंत थापून थापून लावत राहिली. पीठ मळताना उठून आल्यासारखे हात दिसत होते. पाच मिनिटं खेळली की घामाचे ओघळ उठणार हे आंधळ्यालाही कळलं असतं.

कुशाबा दाराशी उभा राहून बघत होता. बॅट काखेत मारून ती त्याच्यापुढे आली आणि तिने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले, उलटे, मग सुलटे.

"बघा," ती म्हणाली. "तुम्हाला कळतं ना. अजून ओळखू येते?"

त्याने नेहमीसारखा एक डोळा बारीक केला, मग दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

"नाही," कुशाबा म्हणाला. "अजिबात नाही ओळखू येत."

"मग ठीक आहे," असं म्हणून तिने चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली.